वाळा की बेडी?

चैत्राचा पहिला आठवडा होता. उसाचा हंगाम आटोपत आला होता आणि कारखान्याकडे जाणाऱ्या वाहनांची रांग विरळ झाली होती. वारणानगराच्या शिवेबाहेर एका गायरानात बाभळींचा जुना पुंजका अद्याप उरला आहे. त्यासमोरच्या बांधावर मी व माझे चार विद्यार्थी उजाडण्यापूर्वीच येऊन बसलो होतो. आमचे काम ऐकून कोणासही हसू यावे. त्या बाभळींत रात्रीच्या वस्तीला येणाऱ्या भोरड्या पहाटे उठून चरावयास जातात. त्या जाताना मोजावयाच्या, एवढेच ते काम. झाडांच्या बुंध्यांजवळून चुन्याच्या फक्कीच्या ताज्या पांढऱ्या रेघा ओढलेल्या दिसत होत्या. तेथे काही बांधावयाचे घाटते आहे, असे विद्यार्थ्यांच्या कानावर आले होते.

भोरडी म्हणजे गुलाबी अंगाची व काळ्या डोक्याची मैना. पळस फुलला की त्यावर तिची झुंबड उडते, म्हणून कोणी तिला पळसमैनाही म्हणतात. ती आपल्याकडे घरटे करीत नाही. तिची विणीची भूमी मध्य आशियाच्या गवताळ मैदानांपासून पूर्व युरोपपर्यंत पसरलेली आहे. पावसाळा भरात असतानाच तिचे पहिले थवे आपल्या देशात उतरू लागतात, हिवाळाभर शाळूच्या कणसांचा समाचार घेतात आणि चैत्र-वैशाखात पुन्हा उत्तरेची वाट धरतात. म्हणजे आम्ही मोजत होतो ती परतीच्या प्रवासास निघालेली मंडळी होती.

फटफटले तसा बाभळींतून आधण उकळावे तसा कलकलाट सुरू झाला, आणि एकाएकी सारी झाडीच आकाशात उचलली गेल्यासारखे वाटले. अशा वेळी एकेक पक्षी मोजता येत नाही. डोळ्यांनी पन्नासांचा एक तुकडा तोडावयाचा, त्याचे आकारमान मनात धरावयाचे आणि असे किती तुकडे थव्यात बसतात ते पाहावयाचे. चौघांचे चार आकडे येतात. त्यांतून एक अंदाज निघतो. तो वहीत उतरवून मी लेखणीस टोपण लावले, तोच मागून आवाज आला, "सर, मोजून काय करतायसा?"

शेजारच्या शिवारातील एक वृद्ध शेतकरी बांधावर उभे होते. सारे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो.

"किती आली, किती गेली, हे कळतं, आबा."

"कळून काय हुतंय? आमी जलमभर गोफणीनं हाकलली. हाकलली तर कनीस तरी वाचतंय. मोजून काय वाचतंय?"

मला चटकन उत्तर सुचेना. तेव्हा एका विद्यार्थ्याने माझ्या साहाय्यास धावून, पक्ष्यांचा प्रवास शोधण्यासाठी त्यांच्या पायांत कडी कशी घालतात ते सांगितले आणि आपल्या मोबाइलवर एक चित्र दाखविले. एका मुठीत धरलेला लहानसा पक्षी, आणि त्याच्या काडीसारख्या पायात ॲल्युमिनियमचे चकचकीत कडे. आबांनी ते चित्र डोळ्यांपासून दूर धरून पुष्कळ वेळ न्याहाळले व विचारले, "ह्यो वाळा म्हनायचा का बेडी?"

मी पंचवीसांहून अधिक वर्षे महाविद्यालयात नीतिशास्त्र शिकवीत आलो आहे. इतके नेमके प्रश्न मला प्रश्नपत्रिकेसाठी फार थोडे सुचले असतील. आबांचे प्रश्न दोन होते. मोजण्याचे फळ काय, हा पहिला. आणि स्वतंत्र जीवास धरून त्याच्या अंगावर आपली खूण उमटविण्याचा अधिकार माणसास कोणी दिला, हा दुसरा. वरवर पाहता हे प्रश्न वेगळे आहेत. परंतु त्यांचे उत्तर एकच आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. ते बरोबर आहे की नाही, याचा निर्णय वाचकांनी करावा.

हा वाळा मुळात कशासाठी निघाला ते आधी पाहू. काही पक्षी ठराविक ऋतूत दिसेनासे होतात, ही गोष्ट माणसास प्राचीन काळापासून ठाऊक होती. ते जातात कोठे, हे मात्र ठाऊक नव्हते. ॲरिस्टॉटलसारख्या चिकित्सकानेही, काही पक्षी हिवाळ्यात बिळांत निजून राहतात व काहींचे दुसऱ्या जातीत रूपांतर होते, असे लिहून ठेविले. आपल्या कवींस हंस मानसरोवरास जातात हे माहीत होते. कालिदासाने मेघदूतात त्यांच्या वाटेवरील हिमालयाची खिंडदेखील दाखविली आहे. पण कोणता हंस, कोठून निघाला व कोठे उतरला, हे सांगण्याचे साधन कोणापाशीच नव्हते. पुढे १८२२ साली जर्मनीतील मेक्लेनबुर्ग प्रांतात एक करकोचा मारला गेला, त्याच्या मानेत एक लांबलचक बाण आरपार रुतलेला होता, आणि तो बाण आफ्रिकेतील होता. तेवढे शल्य अंगात घेऊन तो पक्षी आफ्रिकेतून जर्मनीपर्यंत उडत आला होता. रोस्टॉकच्या विद्यापीठात तो अद्याप जपून ठेविलेला आहे. पक्ष्यांच्या दूरदेशगमनाचा असा हाती धरून दाखविता येण्याजोगा पुरावा माणसास प्रथम मिळाला तो एका जखमेच्या द्वारे, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

जखमेचे काम खुणेने भागविता येईल काय, असा विचार डेन्मार्कमधील विबोर्ग गावच्या मॉर्टेन्सन नावाच्या एका शिक्षकाच्या मनात आला. त्याने आधी जस्ताची कडी करून पाहिली; ती पक्ष्यास जड होतात असे आढळले. मग १८९९ साली त्याने ॲल्युमिनियमची हलकी कडी केली, त्यांवर क्रमांक व गावाचे नाव कोरले आणि ती स्टार्लिंग नावाच्या, म्हणजे आपल्या भोरडीच्याच कुळातील, पक्ष्यांच्या पायांत घालून त्यांस सोडून दिले. पुढे दोनच वर्षांनी, १९०१ साली, बाल्टिक समुद्रकाठच्या वाळूच्या एका चिंचोळ्या पट्टीवर रोसिटेन येथे थीनेमान यांनी पक्ष्यांची वेधशाळा स्थापिली. ज्योतिषी जसे ग्रहांचे वेध घेतात तसे येथे वसंतात व शरदात जाणाऱ्या-येणाऱ्या थव्यांचे वेध घेतले जाऊ लागले.

आपल्या देशात हे काम मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हाती घेतले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १९२७ च्या सुमारास धारच्या महाराजांच्या साहाय्याने बदकांच्या पायांत कडी घालण्यास आरंभ केला. कामास खरी गती आली ती मात्र एका रोगामुळे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांस ताप येऊ लागला. त्या रोगाचे विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूंशी नाते सांगणारे निघाले. तेव्हा उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींनी तर तो आणला नसेल ना, अशी शंका निघाली. १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली मोठ्या प्रमाणावर पक्षी धरून त्यांना कडी घालण्याची योजना सुरू झाली. पुढे तिला अमेरिकेच्या लष्करी खात्याकडून पैसा मिळू लागला आणि १९७० च्या दशकात, हे ज्ञान कोणासाठी व कशासाठी, हा प्रश्न आपल्या संसदेपर्यंत जाऊन पोहोचला. तो विचारला गेला हे योग्यच झाले. पाखरू धरणाऱ्या हातामागे कोणता हेतू उभा आहे, हे पाखरास विचारता येत नाही; म्हणून ते माणसांनीच विचारले पाहिजे.

या योजनेतील एक गोष्ट मला विशेष वाटते. पक्षी इजा न होता धरावयाचे कसे, ही विद्या विद्यापीठांत कोणापाशी नव्हती. ती बिहारमधील मीरशिकार नावाच्या पारध्यांपाशी होती. पिढ्यान्‌पिढ्या पाखरे धरून बाजारात विकणारे हे लोक सोसायटीच्या शिबिरांत आले आणि त्यांतील अली हुसेन यांचे कौशल्य तर परदेशी शास्त्रज्ञांनीही वाखाणले. हात तेच, फास तेच. पाखराचे प्राक्तन मात्र बदलले. तेव्हा धरणे एवढ्यावरून बरेवाईट ठरत नाही. धरल्यानंतर काय, यावर ते ठरते, असे येथे प्रथम वाटू लागते. पण इतक्या लवकर निकाल देऊन चालणार नाही. कारण दुसऱ्या बाजूस एक साक्ष मजपाशीच आहे.

काही वर्षांपूर्वी एका जलाशयाकाठी भरलेल्या अशाच एका शिबिरात मी एक दिवस पाहुणा होतो. डोळ्यांस दिसू नयेत इतक्या बारीक काळ्या धाग्यांची जाळी पहाटेच्या अंधारात झुडपांमधून ताणली गेली. पाखरू त्यांवर आदळले की जाळ्याच्याच सैल झोळीत पडते. थोड्या थोड्या वेळाने फेरी मारून ते हलक्या हाताने सोडवावयाचे, सुती पिशवीत घालून मेजापाशी आणावयाचे, जात ओळखावयाची, पंख मोजावयाचा, वजन करावयाचे, पायात कडे घालून चिमट्याने त्याची तोंडे जुळवावयाची, क्रमांक मोठ्याने उच्चारावयाचा व पाखरू सोडून द्यावयाचे. हे सारे काही मिनिटांत होते. कड्याचे वा यंत्राचे वजन पाखराच्या वजनाच्या ठराविक शतांशापुढे जाऊ नये, असा नियम असतो. एक हिरवट पर्णवटवट्या सोडण्यासाठी माझ्या तळहातावर ठेवण्यात आला. दहा रुपयांच्या नाण्याइतके त्याचे वजन. एवढा जीव दर वर्षी हिमालय ओलांडून येतो आणि जातो! क्षणभर तो तसाच पडून राहिला. त्याच्या काळजाची धडधड मला वेगळी मोजता येईना. नुसता एक अखंड कंप तळहातास जाणवत होता. मग तो उडाला. वयाच्या पन्नाशीत असा आनंद क्वचितच वाट्यास येतो.

या आनंदाच्या भरात मी प्रश्नांमागून प्रश्न विचारीत सुटलो. ज्या तरुणाकडे जाळ्यांची फेरी होती तो सौजन्याने वह्या उघडून मला उत्तरे देत राहिला. फेरी लांबली. ऊन तापले होते. आम्ही जाळ्यापाशी गेलो तेव्हा शेवटच्या झोळीत दुसरा एक पर्णवटवट्या मान टाकून लोंबकळत होता. तो तरुण काही बोलला नाही. त्याने पक्षी सोडविला, मेजाशी आणला व वहीत नोंद करावयास घेतली. अवघडलेल्या मनःस्थितीत मी म्हणालो, "याला तर अजून कडंही घातलं नव्हतं, मग नोंद कशाला?"

"म्हणूनच करायची, सर," तो म्हणाला.

माझ्या जिज्ञासेने तो पक्षी मेला, हे मी आजवर कोठे लिहिले नव्हते.

आता पूर्वपक्ष मांडावयास हरकत नाही. कोणी म्हणेल, ज्ञान ही मोठी वस्तू खरी. पण ते माणसाचे ज्ञान आहे, पाखराचे नव्हे. ज्याला लाभ नाही त्याच्या माथी भय का? कांटने सांगितले की माणसास केवळ साधन म्हणून वापरू नये. मात्र प्राण्यांस त्याने हा मान दिला नाही. त्यांच्याशी क्रूरपणे वागू नये ते अशासाठी की त्यामुळे माणसाचे मन निबर होते, एवढेच तो म्हणतो. त्याच सुमारास, १७८९ साली, बेंथॅमने विचारले की प्राण्यास विचार करता येतो की नाही हा प्रश्नच नव्हे. त्याला वेदना होतात की नाही, हा प्रश्न आहे. माझ्या तळहातावरील त्या कंपाने या वादात कोणाच्या बाजूने साक्ष दिली, ते सांगावयास नको.

शिवाय ज्ञानाचे साधनच पुष्कळदा घातक ठरते. दक्षिणेकडील समुद्रांतील पेंग्विन पक्ष्यांच्या पंखांस ओळखीच्या पट्ट्या बांधण्याची चाल होती. पट्ट्या बांधलेले पक्षी दहा वर्षांत न बांधलेल्यांपेक्षा अधिक मेले व त्यांची पिलेही पुष्कळ कमी झाली, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. म्हणजे पक्ष्यांचे नुकसान झालेच, शिवाय त्या पट्ट्यांच्या आधारे जमविलेली माहितीही संशयास्पद ठरली. मोजणाऱ्याच्या हातानेच मोजावयाची वस्तू बदलली.

यावर शास्त्रज्ञांचे उत्तर असे की, सावधगिरी बाळगली तर हानी फार थोडी होते. अमेरिकेतील अनेक केंद्रांच्या सहा लाखांहून अधिक पकडींचा हिशेब २०१२ साली मांडला गेला. त्यात जाळ्यांमुळे मेलेले पक्षी हजारात दोन-तीन निघाले. हा हिशेब प्रामाणिक आहे आणि तो प्रसिद्ध केला गेला यातच त्या लोकांची सचोटी दिसते. परंतु मला त्याने समाधान होत नाही. शतमान ही समूहाची भाषा आहे. माझ्यामुळे जो मेला तो हजारातला दोन-तृतीयांश वगैरे मेला नाही. तो पुरता मेला. तसेच, या एका मरणाने पुढे हजारो वाचतील, असे म्हणून ते मरण खर्ची टाकण्याचा अधिकारही मला नाही. कारण ते हजारो माझ्या खिशात नाहीत आणि ते वाचविण्याची हमी मी कोणास दिलेली नाही.

मग धरणे सोडून द्यावे काय? येथे मला आपल्या स्मृतिकारांची आठवण होते. मनूने गृहस्थाच्या घरी पाच हिंसास्थाने सांगितली आहेत : चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाचांशिवाय संसार चालत नाही, आणि पाचांच्याही ठिकाणी न कळत जीव मरतात. यावर उपाय काय सांगितला? चूल विझवा असे सांगितले नाही. आणि चुलीत जीव मरतच नाहीत, असेही म्हटले नाही. दररोज पाच महायज्ञ करा, म्हणजे देवांचे, ऋषींचे, पितरांचे, माणसांचे व भूतमात्रांचे देणे रोजच्या रोज द्या, असे सांगितले. स्मृतींतील किती गोष्टी आज टाकाऊ झाल्या आहेत ते मी जाणतो. तथापि या एका विचारात जे शहाणपण आहे ते मला कांट व बेंथॅम या दोघांतही सापडत नाही. जगण्यात, आणि म्हणून जाणण्यातही, हिंसा आहे. ती नाकारून वा हिशेबात जिरवून फिटत नाही. ती ऋण म्हणून माथ्यावर घ्यावी लागते. त्या तरुणाने कडे न घातलेल्या मृत पक्ष्याची नोंद केली, तो त्याच्या परीने ऋणपत्रच लिहीत होता.

या ऋणाचे स्वरूप दाखविणारी एक गोष्ट प्रत्येक मराठी घरास ठाऊक आहे. नलराजाने उपवनातील सुवर्णहंस धरला. रघुनाथ पंडितांच्या आख्यानातील त्या हंसाचा विलाप, म्हातारी आई व नुकतीच बाळंत झालेली पत्नी यांची त्याने काढलेली आठवण, शाळेत असताना आपण सर्वांनी ऐकली आहे. राजास दया आली व त्याने हंस सोडला. पुढे काय झाले? सोडलेला हंस परत आला आणि दमयंतीची वार्ता घेऊन आला. लहानपणी मला ही दयेची गोष्ट वाटत असे. आता ती ज्ञानाची गोष्ट वाटते. मुठीत असेपर्यंत हंसापासून राजास एक सोनेरी पीस मिळाले असते. वार्ता मिळाली ती मूठ उघडल्यावर. कडे घालणाराही मूठ उघडतो, आणि मग वर्षानुवर्षे वार्तेची वाट पाहतो. लहान पक्ष्यांत कडे घातलेल्या शंभरांतील एकाचीही वार्ता सहसा परत येत नाही. इतक्या थोड्या आशेवर इतकी चिकाटी धरणाऱ्यांस लोभी म्हणता येणार नाही. पण गोष्ट येथेच संपत नाही. वार्ता आल्यावर नलाने स्वस्थ बसावयाचे नव्हते. त्याला स्वयंवरास जावे लागले व पुढचे सारे भोगावे लागले. आलेली वार्ता ऐकणाऱ्यास बांधून टाकते.

आता त्या कड्यावर काय कोरलेले असते ते पाहा. गुलामाच्या गळ्यातील पट्ट्यावर मालकाचे नाव असे. त्याचा अर्थ, हा माझा आहे. बेडीवर कैद्याचा क्रमांक असतो; त्याचा अर्थ, हा सुटला तर परत आणा. सोसायटीच्या कड्यावर क्रमांकाबरोबर इंग्रजीत इतकेच सांगणे कोरलेले असे की मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीस कळवा. पक्षी आमचा आहे असे त्यात नाही, परत पाठवा असे नाही, केवळ ‘कळवा’. हा शब्द पाखरासाठी नाहीच. तो एका अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसास उद्देशून लिहिलेला आहे. मंगोलियात गळ्यात क्रमांकाची पट्टी घातलेला पट्टकादंब महाराष्ट्रातील एखाद्या तलावावर उतरतो, येथील एखादा मुलगा तो क्रमांक दुर्बिणीने वाचून कळवितो, आणि ज्यांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिले नाही अशी दोन माणसे एका पक्ष्यापुरती नातलग होतात. कडे पाखराच्या पायात असते. पण ते ज्यांना जोडते ती माणसे असतात. आणि जोडलेल्यांवर काही कर्तव्य येऊन पडते.

हे कर्तव्य कसे असते ते नागालँडमधील पांगती गावच्या लोकांनी दाखविले. अमूर ससाणे सैबेरिया व चीनकडून आफ्रिकेकडे जाताना शरदात तेथील दोयांग जलाशयाकाठी लाखोंच्या संख्येने उतरतात. २०१२ साली ते जाळी लावून प्रचंड प्रमाणावर धरले व विकले जात असल्याचे उघडकीस आले. दुसऱ्याच वर्षी गावकऱ्यांनी जाळी गुंडाळली. त्या २०१३ च्या नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी लहान यंत्रे बसविण्यात आली आणि त्यांची नावे नागा, वोखा व पांगती अशी ठेवली गेली. भारतीय द्वीपकल्प व अरबी समुद्र ओलांडून ते आफ्रिकेत उतरले. ज्या गावाने त्यांना मारणे सोडले त्याचे नाव घेऊन एक पक्षी समुद्रापार गेला, हे वाचून मला गहिवरून आले होते. परंतु आनंदाबरोबर हेही ध्यानात ठेवावे की, त्या मिळकतीवर ज्यांचा संसार चाले त्यांनीच ती सोडली. ऋण साऱ्या जगाचे होते. पहिला हप्ता गरिबांनी भरला.

आणि आम्ही शिकलेल्यांनी काय केले? दुसऱ्यांचे सांगण्याऐवजी स्वतःचेच सांगतो. या भागात माझी पक्ष्यांची वही पुष्कळ वर्षे चालू आहे. एका माळावर हिवाळ्याच्या संध्याकाळी भोवत्या नावाचे शिकारी पक्षी गवतात वस्तीला उतरत. पहिल्या वर्षी ते दोन्ही हातांच्या बोटांवर मावेनात. मग माळाच्या एका कडेने नांगर फिरला, दुसऱ्या कडेने जलवाहिनी आली, आणि माझे आकडे वर्षागणिक उतरत गेले. एका हिवाळ्यात मी तेथे तीन संध्याकाळी उभा राहिलो आणि वहीत तीन वेळा शून्य लिहिले. शून्य लिहिताना माझा हात थांबला नाही. उलट आपली नोंद किती काटेकोर आहे, याचे मला थोडेसे समाधानच वाटले. पान उलटले आणि मी घरी आलो.

ऊस लावणाऱ्यांस मी दोष देत नाही. १९५० च्या दशकात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि या परिसराचे रूप पालटले. माझे अन्न त्याच उसाच्या मुळाशी आहे. मी त्या माळासाठी काय करू शकलो असतो? कदाचित काहीच नाही. पण एक कोपरा राखता येईल काय, असे कोणा एकास तरी विचारता आले असते. पाच-सहा वर्षे जो उतार मला एकट्याला दिसत होता, तो मी कोणास सांगितला नाही. ज्याने पाहिले आणि साक्ष दिली नाही, त्यापेक्षा ज्याने पाहिलेच नाही तो बरा. कड्यावरील ‘कळवा’ हा शब्द मी इतरांस उद्देशून लिहिला आहे असे समजत आलो. तो मलाही उद्देशून होता.

मोजून काय वाचते, या प्रश्नाचे उत्तर म्हणून हेच द्यावे लागेल की, नुसते मोजून काहीच वाचत नाही. मोजणे म्हणजे साक्षीदाराने डोळे उघडे ठेवणे. साक्ष त्यानंतर द्यावयाची असते. आणि वाळा की बेडी, याचे उत्तर सोनाराने वा शास्त्रज्ञाने द्यावयाचे नाही. वार्ता आल्यावर ती ऐकणारे स्वतःस बांधलेले समजत असतील तर तो वाळा. नसतील तर तेच कडे, तितक्याच वजनाचे, बेडी होय. धरलेल्या पाखराचे भय आणि त्या एका पर्णवटवट्याचे मरण यांना अर्थ येतो की नाही, हे अशा रीतीने आपल्या पुढच्या वागण्यावर लोंबकळत राहते. मागच्या कृत्याची नीती पुढच्या कृत्याने ठरावी, हे तर्कशास्त्रास रुचणार नाही. ऋण मात्र असेच असते. कर्ज घेणारा प्रामाणिक होता की नाही, हे फेडीच्या वेळी कळते.

आठवड्याने आम्ही पुन्हा त्याच बांधावर गेलो. थवा निम्म्याहून कमी झाला होता. भोरड्या निघाल्या होत्या. आबा आले. मी त्यांना सांगितले की चीनच्या शिनजियांग प्रांतात याच पाखरांसाठी लोक मुद्दाम दगडांची घरटी रचून ठेवतात, कारण तेथे ती टोळ खातात व पिके वाचवितात. आबांना हे नवल वाटले. "म्हंजे हितं चोर आन्‌ तितं राखनदार," ते म्हणाले, "पाखरू येकच." मग चुन्याच्या रेघांकडे पाहून त्यांनी विचारले, "ह्या बाभळीचं काय? कुनाला कळवलंय का न्हाई?"

मी नाही म्हणालो. त्याच संध्याकाळी वह्यांतील सर्व वर्षांचे आकडे उतरवून, गायरानाचा तेवढा तुकडा राखावा, असे विनंतिपत्र मी लिहिले. चार विद्यार्थ्यांनी सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी आबांपाशी नेले तेव्हा त्यांनी ते सबंध वाचावयास लावले, मग वाकड्यातिकड्या अक्षरांत सही केली. "शाळू खात्यात ती," ते म्हणाले, "पर झाडं ऱ्हाऊंदेत."

पत्राचे उत्तर अद्याप आलेले नाही. उरलेल्या भोरड्याही आता गेल्या. श्रावणात त्यांचे पहिले थवे परत येतील तेव्हा बाभळी तेथे असतील की नाही, ते मला सांगता येत नाही. या खेपेस मात्र, आकडा कोणताही निघो, तो लिहून मी नुसते पान उलटणार नाही.